खते आणि डासांच्या अळ्या (मराठवाडा)

शेतात टाकलेले खत साचलेल्या पाण्यात उतरले, की त्या पाण्यातील डासांच्या अळ्यांची संख्या आणि वाढीचा वेग बदलतो. या परिणामाचा अभ्यास मुख्यतः भातखाचरांत झाला आहे. मराठवाड्यात भात नावापुरताच; कापूस, सोयाबीन, तूर आणि कालव्याखालचा ऊस ही इथली पिके. त्यामुळे भाताचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. मूळ क्रिया मात्र तीच.

अळी युरिया खात नाही. तोंडाजवळच्या केसांच्या झुबक्यांनी पाणी ओढून ती त्यातले जिवाणू, सूक्ष्म शेवाळ आणि कुजके कण खाते. युरियात 46 टक्के नत्र असते. डीएपीत (डाय-अमोनियम फॉस्फेट) 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद. ते पाण्यात मिसळले की शेवाळ आणि जिवाणू फोफावतात, आणि अळीला आयते खाणे मिळते. उन्हाने तापलेल्या, सकस पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. उपाशी अळी रेंगाळते, तिच्यातून निघणारा डासही लहान असतो. दक्षिण भारत आणि केनियातील भातखाचरांत नत्रखत दिल्यावर अळ्या वाढलेल्या आढळल्या. अमोनियम सल्फेट या नत्रखतामुळे गढूळ पाणी निवळते आणि हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाच्या माद्यांना ते अंडी घालायला आवडते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्रा फारच वाढली तर अमोनियाने अळ्याच मरतात. पण म्हणून डबक्यात युरिया ओतणे हा शहाणपणा नव्हे.

जायकवाडी, पूर्णा यांसारख्या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात उसाला पाटाने भरपूर पाणी दिले जाते. काळ्या भारी जमिनीत ते लवकर जिरत नाही. खत धुऊन घेऊन शेताच्या उताराकडच्या चारीत तुंबते. हिवतापाचा वाहक ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस अशा पाटांत आणि पाझराच्या डबक्यांत वाढतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याला मात्र उगाच दोष दिला जातो. उघड्या, वाऱ्याने हलणाऱ्या पाण्यात अळ्या फारशा टिकत नाहीत, मासे सोडले तर आणखीच कमी. कडेला साचलेले शेवाळ तेवढे काढत राहावे लागते.

खरी अडचण बॅरलची आहे. ठिबकमधून सोडायचे विद्राव्य खत ज्यात कालवतात, त्या बॅरलच्या तळाशी दोन बोटे पाणी उरते आणि त्यावर कोणी झाकण ठेवत नाही. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती अशाच भांड्यांत अंडी घालतो. नत्र-स्फुरद-पालाशयुक्त पाण्याकडे त्याच्या माद्या अधिक वळतात, असे प्रयोगांत दिसले आहे. शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या जीवामृताचा ड्रम वापरून झाल्यावर तसाच पडून राहिला, तर कुजक्या पाण्याची आवड असलेल्या क्युलेक्स डासाची सोय होते. त्यात टंचाईमुळे घरोघरी रांजण आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतातच. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य कर्मचारी सांगतात तेव्हा घरातली भांडी रिकामी होतात. शेतातला बॅरल कोणाच्या लक्षात येत नाही.

निंबोळी पेंडीचा लेप दिलेल्या युरियाने भातखाचरांतील क्युलेक्स गटाच्या अळ्या घटल्याचे भारतीय प्रयोगांत आढळले होते. 2015 पासून देशात बनणारा युरिया नीम कोटेड असणे सक्तीचे झाले, पण त्यावर असतो तो तेलाचा अगदी पातळ थर, आणि तो नत्र सावकाश सुटावे यासाठी दिलेला असतो. पेंडीच्या जाड लेपाचा गुण त्यात धरता येत नाही.