रॉयल आयसिंग आणि ग्लेझ : शुगर कुकीवर कुठलं वापरायचं?

भांड्यात दोन्ही सारखीच दिसतात: पांढरी, दाट, चमच्यावरून संथ ओघळणारी. दोन्हींत मुख्य भाग आयसिंग शुगरचाच. फरक कळतो तो सुकताना. रॉयल आयसिंगमध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं प्रथिन असतं. पाणी उडून गेलं की ते साखरेला धरून ठेवतं आणि थर टणक होतो. ग्लेझमध्ये दूध आणि कॉर्न सिरप, म्हणजे मक्यापासून केलेला पाक. हे सिरप साखरेचे मोठे खडे होऊ देत नाही, त्यामुळे वर पापुद्रा धरला तरी आतून मऊपणा आणि वरून चमक टिकते.

रॉयलसाठी 450 ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, 3 टेबलस्पून मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्या बलकाची सुकी पूड) आणि 75 मिली कोमट पाणी घ्या. हँड बीटर मंद वेगावर 7 ते 10 मिनिटं फिरवा. चमक जाऊन, बीटर उचलल्यावर आयसिंगचं टोक उभं राहिलं की थांबा. वेग वाढवला तर हवा भरते आणि सुकलेला थर सच्छिद्र, ठिसूळ होतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचंच हवं. प्लॅस्टिकला तुपातेलाचा अंश धरून राहतो आणि तेवढ्यानेही फेस बसतो. मेरिंग पावडर अंड्यापासूनच होते, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांना या कुकीज देताना ते आधी सांगा. त्यांच्यासाठी पावडर आणि पाण्याऐवजी काबुली चणे बिनमिठाचे शिजवून उरलेलं दाट पाणी चालतं.

ग्लेझ सोपं: 240 ग्रॅम आयसिंग शुगर, 4 टीस्पून दूध, 4 टीस्पून कॉर्न सिरप, चमच्याने ढवळलं की झालं. कॉर्न सिरपऐवजी लिक्विड ग्लुकोज घेतलं तर ते जास्त घट्ट असल्यामुळे दूध थेंबाथेंबाने वाढवावं लागतं.

बिघडतं ते एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेताना. ग्लेझने अक्षरं किंवा पाकळ्या काढल्या तर रेघ पसरते, आणि चार तासांनी वर दुसरा रंग दिला तर खालचा थर दबतो. नक्षी, नावं, थरावर थर हे रॉयलचं काम. एकाच रंगाची, मऊ खायची कुकी असेल तर आम्ही निःसंकोच ग्लेझ सुचवू. चवीलाही ते सरस.

रॉयलही दोन प्रकारचं लागतं, एक घट्ट आणि एक सैल. कडेच्या रेघेसाठी टूथपेस्टसारखं, 2 नंबरच्या नोझलमधून. आयसिंग भरलेला कोन मेंदीच्या कोनासारखाच धरायचा: टोक कुकीला न टेकवता सेंटीमीटरभर वर, धागा आपोआप पडू द्यायचा. आतल्या भरणीसाठी त्याच आयसिंगमध्ये अर्धा-अर्धा टीस्पून पाणी घाला. सुरीने पृष्ठभागावर रेघ मारा. ती 15 ते 20 सेकंदांत मिटली तर जमलं. लवकर मिटली तर आयसिंग कडेबाहेर वाहतं आणि लहान जागी, म्हणजे डोळा किंवा बटण भरताना, मध्ये खड्डा पडतो. भरल्याबरोबर पंख्याखाली ठेवलं तर वरची साय लवकर धरते आणि खड्डे कमी पडतात.

घरी दळलेली पिठीसाखर दोन्हींसाठी टाळा. एखादा जाड कण राहतोच आणि नोझल तिथेच तुंबतं. रंग जेलचे घ्या. पाण्यासारख्या रंगाने प्रमाण बिघडतं. कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय आयसिंग लावलं तर लोण्याचे तेलकट डाग वर येतात.

रॉयलची भरणी सुकायला 8 ते 12 तास, ग्लेझला 24 तास. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात याहून जास्त. घाईने फ्रीजमध्ये ठेवू नका: बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि गडद रंग फिक्यात उतरतो. पूर्ण सुकलेल्या रॉयलच्या कुकीज एकावर एक रचता येतात. ग्लेझच्या मात्र एकाच थरात मांडा, आणि दुसरा थर द्यावाच लागला तर मध्ये बटर पेपर घाला.