आजीचा भूकंप आणि साठीचा हिशोब

परवा फॅमिली ग्रुपवर पुन्हा तो फॉरवर्ड आला, पूर्वीची माणसं चुलीवरची भाकरी अन् घरचं तूप खाऊन शंभरी गाठायची. कसली शंभरी! स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. म्हणजे सगळे बत्तिशीत जात होते असंही नाही बरं का, लहान पोरं पटापट जायची, त्यांनी सरासरी खाली ओढलेली असायची.

आता आमच्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कुठल्याही वाडीत जा, पारावर सगळी पिकली पानं. लोक म्हणतात औषधं सुधारली, माणसं जास्त जगतात. हे अर्धंच खरंय. औषधांनी आधी वाचवली ती तान्ही पोरं, त्यामुळं सुरुवातीला समाज उलट तरुण झाला! म्हाताऱ्यांचा, म्हणजे साठीच्या पुढच्यांचा, टक्का वाढतो तो मुख्यतः पाळणे कमी हलायला लागले की.

घरातलंच गणित घ्या. आजी-आजोबा २, तीन मुलगे-तीन सुना ६, नातवंडं १२, एकूण २० माणसं, म्हातारे १० टक्के. आता नातवंडं १२ ऐवजी २ च धरा. माणसं झाली १०, म्हातारे तेच दोघं, पण टक्का २०. एकही म्हातारा वाढला नाही, कुणी एक दिवस जास्त जगलं नाही, तरी टक्का डबल. आता दोन मुलगे बायको-पोरं घेऊन मुंबईला गेले, कुणी माथाडी, कुणी रिक्षा, की मागं राहिली चार माणसं, त्यातली दोन म्हातारी. झाला ना टक्का ५०!

महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या सर्व्हेत बाईमागं १.७ पोरं इतकाच निघाला. आणि २००१ ते २०११ मध्ये राज्य १६ टक्क्यांनी वाढलं तेव्हा सातारा जिल्हा जेमतेम ७ टक्क्यांनी. त्यात बायका जास्त जगतात अन् नवरा वयानं चार-पाच वर्षं मोठा असतो, म्हणून ऐंशीच्या पुढं बघाल तर एकट्या आज्याच जास्त.

टक्क्याचं असं, पण नुसता आकडा फुगतो तो वेगळ्या कारणानं. आज साठीत येणारी माणसं १९६० च्या दशकातली, तेव्हा देशात बाईमागं सरासरी सहा पोरं होती आणि ती जगायलाही लागली होती. म्हणजे यंदाचे म्हातारे किती, हे साठ वर्षांपूर्वीच बाळंतिणीच्या खोलीत ठरलेलं.

आमच्या आजीला तारखा कळत नाहीत, ती भूकंपावरनं मोजते. "कोयनंचा भूकंप झाला तवा तुझा बाप रांगत हुता, मी त्याला काखंत मारून अंगणात पळाली." भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे पप्पांचा जन्म त्याच वर्षीच्या सुरुवातीचा, १ मार्च २०२७ च्या जनगणनेत ते साठीत बसायला पाहिजेत. पण मास्तरांनी दाखल्यावर १ जून १९६८ लावलीय. पप्पा खूश, म्हणतात कागदावर मी ५८ चाच. आजी म्हणते, मग भूकंपात मी काय दगूड उचलून पळाली व्हय?