आकाशदर्शनासाठी पौर्णिमेची रात्र उत्तम असते का?

'पौर्णिमेला आकाश उजळलेले असते, म्हणून दुर्बिणीतून पाहण्यासाठी तीच रात्र सर्वांत चांगली' हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो स्वाभाविक असला तरी वस्तुस्थिती वेगळी आहे.

पौर्णिमेला सूर्यप्रकाश आपल्या बाजूने चंद्रावर जवळजवळ सरळ पडतो, त्यामुळे तिथल्या डोंगरांच्या आणि विवरांच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत व बिंब सपाट भासते. शुद्ध अष्टमीपासून दशमीपर्यंत मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपे पडते. सुमारे ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर दशमीच्या सुमारास छोट्या दुर्बिणीतूनही काठासकट खोल दिसते. पौर्णिमेला तिथे पांढुरका डाग तेवढा उरतो. टायको विवरातून फाकलेले तेजस्वी पट्टे मात्र पौर्णिमेलाच खुलतात, हेही सांगायला हवे.

पूर्णचंद्राचा प्रकाश अर्ध्या चंद्राच्या सुमारे दहापट असल्याने देवयानी दीर्घिकेसारख्या (दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह) अंधूक गोष्टी त्यात बुडून जातात. म्हणूनच स्वयंसेवकांनी चालवलेल्या वेधशाळा दीर्घिका व तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) दाखवायचे असल्यास अमावास्येच्या आसपासची रात्र निवडतात.

पडताळा घरच्या गच्चीवरूनही घेता येतो: हिवाळ्यात एकाच जागेवरून, निरभ्र आकाशात, कृत्तिकेतल्या तारका नुसत्या डोळ्यांनी एकदा अमावास्येला आणि एकदा पौर्णिमेला मोजाव्यात व दोन्ही आकडे शेजारी लिहावेत.