निसर्गछायाचित्रण भटकंती

निसर्गछायाचित्रण भटकंती : निसर्गदृश्ये आणि वन्य प्राणी-पक्षी त्यांच्या मूळ ठिकाणी जाऊन छायाचित्रांत टिपण्यासाठी केलेली फिरती. एखाद्या सकाळच्या पायी फेरफटक्यापासून आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या मुक्कामापर्यंत तिचा पल्ला असतो. सहलीपेक्षा ती वेगळी ठरते ती वेळापत्रकामुळे. इथे उठण्याबसण्याच्या वेळा उजेड आणि जनावरे ठरवतात. भर दुपारी, सहलीला रंग चढतो त्या वेळी, छायाचित्रकार सावलीत बसून लेन्स पुसत असतो.

निसर्गदृश्य आणि वन्यजीव ही नावे जोडीने घेतली जातात, पण कामाला लागल्यावर दोघांचे पटत नाही. दृश्य टिपणाऱ्याला वेळ हवा असतो, प्राणी टिपणाऱ्याला क्षण. पहिल्याला रुंद कोनाची लेन्स, बारीक अपर्चर (उजेड आत घेणारे छिद्र), संथ शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते ठरवणारा पडदा) आणि जमिनीत रोवलेला ट्रायपॉड (तिपाई) लागतो. दुसऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स, सताड उघडे अपर्चर, वेगवान शटर आणि मोकळे हात. त्यात गोची अशी, की दोघांनाही दिवसातले तेच दोन तास हवे असतात. सगळे साहित्य एकाच पाठपिशवीत कोंबून निघालेला माणूस ऐन सूर्योदयाला ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला फिल्टर (लेन्सपुढची काच) बसवत असतो आणि मागच्या झाडीतून सांबर शांतपणे निघून जाते. म्हणून अनुभवी मंडळी निघण्यापूर्वीच आजचा दिवस कशाचा ते ठरवतात आणि उरलेले साहित्य मुक्कामी ठेवतात.

इतिहास : या भटकंतीचा आरंभ ओझ्यापासून झाला. १८५१ मध्ये प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत रसायन लावलेली काच ओली असतानाच चित्र घेऊन ती लगेच धुवावी लागे, त्यामुळे डोंगरातही अंधारखोलीचा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर न्याव्या लागत. छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स १८६१ मध्ये अमेरिकेतील योसेमिटी दरीत गेले तेव्हा त्यांचा कॅमेरा १८ × २२ इंचांच्या काचा घेणारा होता आणि सामान खेचरांवर लादलेले होते. त्यांची ही चित्रे पूर्वेकडच्या राज्यांत पाहिली गेली आणि १८६४ मध्ये ही दरी राखून ठेवणारा कायदा झाला, त्यामागे या चित्रांचाही वाटा मानला जातो. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी कोरड्या जिलेटिन काचेची कल्पना मांडली. पुढे तिचा वेग वाढला, तंबू सुटला आणि हलत्या जिवांच्या मागे जाणे शक्य झाले.

वन्यजीवांची बाजू शिकारीतून आली आणि तिची भाषाही तिथूनच आली. इंग्रजीत शटर दाबण्याला गोळी झाडण्याचेच क्रियापद वापरतात. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी रात्री होडीतून दिवा दाखवून हरणे मारण्याची जुनी रीत उचलली, पण बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि मॅग्नेशियमची झगझगाटी पूड आणली. त्यांची ७४ चित्रे जुलै १९०६ च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापली गेली. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे अंड्यांसह छायाचित्र घेतले. पाखरांना संशय येऊ नये म्हणून १९०० च्या सुमारास ते एका पोकळ, नकली बैलाच्या पोटात शिरून कॅमेरा चालवत. भारतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागला की झगमगाट होऊन चित्र उमटे. आजच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये तारेची जागा उष्णता व हालचाल टिपणाऱ्या संवेदकाने घेतली आहे, एवढाच फरक.

उजेड : सूर्य क्षितिजालगत असताना त्याच्या किरणांना हवेचा फार जाड थर ओलांडावा लागतो. आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि जमिनीवर तांबूस-पिवळा, मऊ, आडवा उजेड पडतो. आडवा असल्यामुळे खडकाचा खडबडीतपणा आणि जनावराच्या अंगावरची लव दोन्ही उठून दिसतात. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असतानाचा निळसर संधिप्रकाश यापेक्षा वेगळा. झुंजूमुंजू आणि कातरवेळ हे शब्द त्याच्यासाठीच आहेत. हा काळ किती टिकतो ते अक्षांशावर अवलंबून आहे. विषुववृत्तावर सूर्य जवळपास उभा खाली जातो, त्यामुळे २०–२५ मिनिटांत खेळ संपतो. ध्रुवांकडे तो तिरका घसरतो आणि ऋतूप्रमाणे हाच उजेड तासन् तास रेंगाळतो. ढगाळ दिवस मात्र उगाच बदनाम आहे. धबधबा, जंगलाचा आतला भाग आणि काळी किंवा पांढरी पिसे असलेले पक्षी ढगांखालीच नीट येतात, कारण तेव्हा गडद आणि उजळ भागांतले अंतर कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरला पेलवते.

निसर्गदृश्याचे साहित्य : २४ मिमीची लेन्स ३६ × २४ मिमीच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर कर्णरेषेत सुमारे ८४ अंशांचा पट पाहते. एफ/११ ला (हा आकडा जितका मोठा, तितके अपर्चर बारीक) ती सुमारे १.८ मीटरवर फोकस केली, तर ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. पायाजवळचे फूल आणि मागचे शिखर एका चौकटीत बसवायचे गणित ते हेच. अपर्चर आणखी बारीक केले की आणखी स्पष्ट, असे वाटते खरे, पण एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेला प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळ्या चित्राचीच धार बोथट होऊ लागते. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भागातील छायाचित्रकारांनी आपल्या गटाला एफ/६४ हे नाव दिले, ते त्यांच्या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांना शोभणारे होते. छोट्या सेन्सरवर तो आकडा निरुपयोगी आहे.

ट्रायपॉड हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी साहित्य. पाय उघडताना जाड नळ्या आधी काढायच्या, बारीक नळ्या गरज पडली तरच, आणि मधला दांडा शक्यतो वर करायचाच नाही. तो वर केला की तिपाईची काठी होते. ओढ्यात उभे करायचे असेल तर पाय वाळूत दाबून घ्यावे लागतात, नाहीतर २० सेकंदांच्या शटरमध्ये पाणी बुडाखालची वाळू नेते आणि ट्रायपॉड केसभर खचतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हे कळत नाही, घरी मोठ्या पडद्यावर कळते. वाऱ्यात मधल्या हुकाला पिशवी अडकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण लोंबकळती पिशवी झोके घेऊन उलट थरथर वाढवते. ती जमिनीला टेकलेली हवी. बटण बोटाने न दाबता केबलने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने दाबतात.

फिल्टरांपैकी पोलरायझरची नक्कल संगणकावर नीट होत नाही, म्हणून एकच फिल्टर घ्यायचा तर तोच घ्यावा. तो ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी कापतो आणि सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश सर्वांत गडद करतो. फार रुंद लेन्सवर मात्र हाच गुण दोष होतो, कारण आकाशाच्या मधोमध काळपट ठिगळ उमटते. एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) फिल्टर नुसता उजेड अडवतो. दहा स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा) फिल्टर लावला की १/३० सेकंदाचे शटर सुमारे ३४ सेकंदांचे होते आणि लाटांचे धुके बनते. वरून गडद, खालून स्वच्छ असा ग्रॅज्युएटेड फिल्टर हल्ली मागे पडला आहे, कारण कमी-जास्त उजेडाच्या दोन-तीन चौकटी नंतर एकत्र करता येतात. फिल्टर काय करू शकतो याचे जुने उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील हाफ डोमच्या कड्यासमोर त्यांच्याकडे दोनच काचा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरने घेतल्यावर आपल्या मनातले काळे आकाश यात येणार नाही हे त्यांच्या लक्षात आले आणि शेवटची काच त्यांनी गडद लाल फिल्टरने घेतली. प्रसिद्ध झाली ती ही दुसरी.

वन्यजीवांचे साहित्य : इथले सगळे गणित अंतराचे आहे. छोटा खंड्या सुमारे १६ सेंमी लांब असतो. १० मीटरवर बसलेला खंड्या ६०० मिमीच्या लेन्समधूनही पूर्ण आकाराच्या चौकटीची रुंदी जेमतेम पाव भागाने भरतो. अंतर दुप्पट झाले की तो निम्मा होतो. १० मीटरवर एफ/४ ला स्पष्टतेची खोली सहा-सात सेंमी असते, म्हणजे पक्षी तिरका बसला तर डोळा धारदार आणि शेपटी धूसर. डोळा चुकला आणि शेपटी साधली, तर ते चित्र फुकट गेले. ६०० मिमी एफ/४ च्या लेन्सचे तोंड किमान १५ सेंमी रुंद असावेच लागते, कारण एफ-आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ती लेन्स जड आणि महाग असते ती या भागाकारामुळे. पूर्वी अशा लेन्सचे वजन पाच किलोंच्या पुढे जाई, आता ते तीन किलोंच्या आसपास आले आहे. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून चित्र मोठे करणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो, दुपटीचा दोन. छोट्या सेन्सरचा कॅमेरा वापरला की चौकट दीडपट जवळ आल्यासारखी दिसते, मात्र लेन्स काही लांब झालेली नसते, चित्राच्या कडा तेवढ्या कापल्या जातात.

चालत्या जनावराला १/५०० सेकंद पुरतो, उडत्या छोट्या पक्ष्याला १/२००० च्या पुढचेच शटर लागते. पहाटेच्या अंधूक उजेडात एवढे शटर मिळवायचे तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. त्याने थोडी खरखर आलेले धारदार चित्र स्वच्छ पण हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे. १९८५ मध्ये मिनोल्टा कंपनीने कॅमेऱ्याच्या अंगातच ऑटोफोकस बसवून तो सर्वसामान्यांपर्यंत आणला, आणि २०१९ पासून प्राण्यांचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरणारे कॅमेरे मिळू लागले. सेकंदाला २० चौकटी घेणाऱ्या आजच्या कॅमेऱ्याने ३६ चित्रांचा फिल्मरोल दोन सेकंदांच्या आत संपवला असता. याने हुकण्याचे प्रमाण घटले हे खरे, पण पक्षी उडण्यापूर्वी शेपटी वर करतो, विष्ठा टाकतो, वाऱ्याकडे तोंड करतो, हे ज्याला दिसते त्यालाच ते दोन सेकंद कधी सुरू करायचे ते कळते.

जड लेन्सला ट्रायपॉडवर गिंबल हेड लावतात. त्यावर लेन्स तोलून बसवली की ती एका बोटाने फिरते. गाडीत याचा उपयोग नाही. तिथे खिडकीच्या काठावर ठेवलेली बीनबॅग सरस ठरते. लांबच्या प्रवासात ती रिकामीच न्यायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर धान्याने भरायची. गाडीचे इंजिन बंद करणे महत्त्वाचे, कारण त्याची थरथर थेट लेन्समध्ये उतरते. आणि उन्हे चढल्यावर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागली की कुठलीही लेन्स कामाची नाही. दूरच्या जनावराचे चित्र पाण्यात पाहिल्यासारखे येते. याला उपाय एकच : लवकर येणे.

जवळ जाण्याची कला : वारा तोंडावर घ्यावा, कड्याच्या किंवा बांधाच्या माथ्यावर उभे राहू नये, पक्ष्याकडे सरळ चालत न जाता तिरके, थांबत-थांबत जावे. कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला की पार्श्वभूमी दूर सरकते आणि चित्र उघडते, म्हणून या कामात कोपरे आणि गुडघे आधी झिजतात. मोकळ्या मैदानात लपण, म्हणजे आत बसून चित्रे घेण्याचा आडोसा, उभारतात. लपणात शिरताना पाखरांनी पाहिलेच, तर दोघांनी आत जायचे आणि एकाने उघडपणे निघून जायचे. पुष्कळ पक्षी यावर निर्धास्त होतात. लपणही निर्धोक नसते. एरिक हॉस्किंग या ब्रिटिश छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ मध्ये घुबडाच्या हल्ल्यात गेला, तेव्हा ते रात्रीच्या अंधारात घरट्याजवळच्या आपल्या लपणाकडे निघाले होते.

निगा : थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात. त्याहून जास्त नुकसान परतताना होते. गार झालेला कॅमेरा उबदार, दमट खोलीत काढला की काचेवर आणि आतही दव धरते. बाहेर असतानाच तो बंद पिशवीत घालून तोंड घट्ट करावे आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. त्यासाठी मेमरी कार्ड आधीच काढून घ्यावे, नाहीतर चित्रे पाहण्याच्या उतावीळपणात पिशवी उघडली जातेच. समुद्रकाठची खारी फवारणी ओल्या फडक्याने लगेच पुसतात. वाळूचा कण आधी फुंकणीने उडवतात, कारण फडक्याखाली सापडलेला कण काचेवर ओरखडा काढतो.

मर्यादा : घरट्याजवळचा वावर, ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्षी बोलावणे, आमिष ठेवणे आणि निशाचरांवर फ्लॅश मारणे यांवर छायाचित्रकारांतच वाद आहेत आणि अनेक राखीव क्षेत्रांत यांपैकी काही गोष्टींना बंदी आहे. विणीच्या काळात वाजवलेल्या सादेने नर आपली हद्द राखायला धावून येतो. तेवढा वेळ त्याचे चरणे आणि पिलांकडे पाहणे थांबते. घरट्यासमोरची फांदी चित्रासाठी कापली की ऊन आणि शिकारी दोघांनाही वाट मोकळी होते. चित्र कसे मिळाले याची विचारणा स्पर्धांतही होते. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या १९६५ पासूनच्या स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचे २००९ चे विजेते चित्र पुढच्या वर्षी बाद झाले, कारण लांडगा बहुधा शिकवलेला असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. चित्र म्हणून त्यात खोट नव्हती. अलीकडे भर पडली आहे ती स्थाननोंदीची. कॅमेरा किंवा फोन चित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो आणि दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे असे चित्र प्रसिद्ध झाले की दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते, कधी चोरही येतात. म्हणून चित्र बाहेर देण्यापूर्वी ही नोंद पुसतात आणि चित्राखालच्या ओळीत गावाऐवजी फक्त प्रदेशाचे नाव देतात.