सह्याद्रीतला ॲटलास पतंग आणि त्याच्या नावाचा घोळ

पावसाळ्यात कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या घराच्या भिंतीवर वीतभर रुंदीचा तांबूस जीव सकाळी पंख पसरून बसलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘दुर्मिळ महाकाय फुलपाखरू आढळले’ अशी बातमी येते. तो ॲटलास पतंग असतो, फुलपाखरू नव्हे. तो बसलेल्या जागी जवळ जाऊन पाहिले, तर हा फरक नुसत्या डोळ्यांनाही कळतो. फुलपाखराच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, बारीक काडीसारख्या असून त्यांच्या टोकाला गाठ असते. या पतंगाच्या मात्र पिसासारख्या असतात आणि त्यातही नराच्या अधिक रुंद, कारण मादीने हवेत सोडलेला गंध दूरवरून टिपण्याचे काम त्यांना करावे लागते.

पंखांचा विस्तार मोठ्या मादीत सुमारे २४ सेंटिमीटरपर्यंत जातो. तांबूस-तपकिरी पंखांवरून पांढऱ्या, काळ्या आणि गुलाबी कडांच्या रेषा वळणे घेत जातात आणि प्रत्येक पंखाच्या मध्याजवळ त्रिकोणी खिडकी असते. खिडकी हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. पतंगाच्या पंखाला रंग येतो तो कौलांसारख्या रचलेल्या सूक्ष्म खवल्यांमुळे आणि त्या त्रिकोणात खवले नसल्याने उरलेल्या पातळ पापुद्र्यातून मागची भिंत दिसते. पुढच्या पंखाचे टोक बाकदार असून त्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका असतो, त्यामुळे ते सापाच्या डोक्यासारखे भासते. भक्षकाला बिचकवण्यासाठी हे सोंग असावे, असे मानले जाते.

प्रौढ पतंगाला कामाचे तोंड नसते. अळी असताना दालचिनी, पेरू अशा झाडांची पाने खाऊन साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. एवढा देह आणि एवढे थोडे आयुष्य, हा व्यवहार आपल्याला तोट्याचा वाटेल. पण मीलन आणि अंडी घालणे एवढेच काम उरलेले असल्याने तेवढा काळ त्याला पुरतो.

वर्गीकरणात तो सॅटर्निडी या रानरेशमी पतंगांच्या कुळात मोडतो. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ज्याची जोपासना होते, तो कोशाचे टसर रेशीम देणारा पतंग याच कुळातला. ॲटलासही तपकिरी, लोकरीसारख्या रेशमाचा कोश विणतो, परंतु त्याचा धागा सलग नसून तुटक असल्याने तो उलगडून काढता येत नाही, कातावा लागतो.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या पतंगाला ‘ॲटलास’ हे नाव दिले, तेव्हा त्याने बहुतेक पतंग ‘फॅलीना’ या एका प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातले होते. आज या पतंगाच्या प्रजातीला असलेले ‘ॲटॅकस’ हे नाव १७६७ मधले. खरी गुंतागुंत मात्र नंतर झाली. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक मूर यांनी १८८२ मध्ये श्रीलंकेतील पतंगाला ‘ॲटॅकस टॅप्रोबॅनिस’ असे वेगळे नाव दिले. टॅप्रोबॅनी हे त्या बेटाचे जुने ग्रीक नाव. आज दक्षिण भारतातले पतंगही याच जातीत धरले जातात, आणि ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंतचे मात्र ‘ॲटॅकस ॲटलास’ म्हणूनच ओळखले जातात. दोन्ही जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत, की खात्रीसाठी नराच्या पोटाच्या टोकाशी असलेले जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. त्यामुळे सह्याद्रीत टिपलेल्या छायाचित्राखाली बेधडक ‘ॲटॅकस ॲटलास’ असे लिहिण्याऐवजी ‘ॲटॅकस’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे.