दुकानात एआय आणताना: मोकळीक कुठे, लगाम कुठे
बडोद्यातील दुकानदार, क्लासेस, लॅब व छोट्या कारखान्यांसाठी माहितीपत्रक

एआय बसवून घेताना बहुतेक जण विचारतात, "सगळं आपोआप होईल ना?" बरंच होईल, पण सगळं होऊ द्यायचं नसतं. आम्ही दुकानांत अशी यंत्रणा बसवून देतो, आणि कोणतं काम तिच्यावर सोपवायचं हे एकाच कसोटीवर ठरवतो: चूक झाली तर ती परत फिरवता येते का? दुकानाची वेळ चुकीची सांगितली तर गिऱ्हाइकाची एक फेरी फुकट जाते. माफी मागता येते. पण तपासणीच्या रिपोर्टचा अर्थ चुकीचा लावला किंवा एखाद्याचा नोकरीचा अर्ज बाजूला टाकला, तर त्या माणसाला काय झालं हे कळतही नाही. पहिल्या प्रकारच्या कामात हवे तेवढे प्रयोग करा. दुसऱ्या प्रकारात माणसाने पाहिल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ देऊ नका.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातल्या सात सूत्रांमध्ये नुसत्या अडवणुकीपेक्षा नव्या कामाला प्राधान्य द्यावं असं एक सूत्र आहे, आणि उत्तरदायित्वाचंही आहे. छोट्या पेढीत ही दोन्ही एकत्र नांदू शकतात. त्यासाठी लागते एक वही आणि थोडी शिस्त.

भाव यंत्राला विचारू नका

भाषेचं मॉडेल, म्हणजे एआयचा वाक्यं लिहिणारा भाग, पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधतं. माहिती नसेल तेव्हाही वाक्य तितक्याच आत्मविश्वासाने पूर्ण करतं, म्हणून भाव, शिल्लक माल आणि परताव्याचे नियम त्याच्या तोंडी सोडू नयेत. आम्ही हे आकडे तुमच्या भावपत्रकातून थेट उचलतो. मॉडेल फक्त त्याभोवती वाक्य रचतं. भावपत्रकात वस्तू नसेल तर उत्तर एकच: "विचारून सांगतो."

चॅटबॉट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मेसेजला आपोआप उत्तर देणारं यंत्र, बोलला, आम्ही नाही, ही सबब चालत नाही. 2024 मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाचा असाच बचाव फेटाळला. चॅटबॉटने सवलतीचा नियम चुकीचा सांगितला होता. भरपाई कंपनीला द्यावी लागली.

बडोद्याची भाषा

यंत्राची परीक्षा तुमच्याच गिऱ्हाइकांच्या जुन्या मेसेजवर घ्या, बाहेरून आणलेल्या नमुन्यांवर नाही. कारण इथलं गिऱ्हाईक एका ओळीत तीन भाषा बोलतं, तेही रोमन अक्षरांत. हा मेसेज पाहा, इथे देवनागरीत लिहिलाय: "काले सांजे अढी किलो भाकरवडी मोकलजो." गुजरातीत इथे "काले" म्हणजे उद्या, पण मराठी कान "काल" ऐकतो. "अढी" म्हणजे अडीच. रोमन अक्षरांत मात्र ते हिंदी "आधी"सारखंच, म्हणजे अर्ध्यासारखं दिसतं. उद्या संध्याकाळची अडीच किलोची ऑर्डर यंत्राला काल न पोहोचलेल्या अर्ध्या किलोची तक्रार वाटू शकते. मग ते नम्रपणे माफी मागतं आणि ऑर्डर बुडते. म्हणून तारीख आणि वजन आकड्यांत लिहून गिऱ्हाइकाकडून "हो" घेतल्याशिवाय ऑर्डर पक्की करायची नाही.

परीक्षेला 100 मेसेज पुरतात. नावं, फोन नंबर आधी काढून टाका. निदान 30 मेसेज असे मिश्र भाषेतले घ्या, आणि 10 असे की ज्यांचं खरं उत्तर "माहीत नाही" हेच आहे. सगळे दोनदा चालवा. त्याच प्रश्नाला यंत्र दुसऱ्यांदा वेगळं उत्तर देऊ शकतं. शंभरात 96 बरोबर हे ऐकायला छान वाटतं, पण उरलेल्या चारही चुका मालाचं वजन समजण्यात असतील तर ते यंत्र अजून दुकानात बसवण्यालायक नाही.

पहिले दोन आठवडे

या काळात यंत्र फक्त मसुदा लिहितं, पाठवतो तुमचा माणूस. नंतर वेळ, पत्ता, भाव एवढंच मोकळं करायचं. तक्रार, उधारी आणि परतावा कायम माणसाकडे.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. आठवडाभर मसुदे बरोबर आले की तपासणारा वाचणं सोडतो आणि नुसतं "ओके" दाबत जातो. त्याला आधी सांगून दर आठवड्याला पाच मुद्दाम चुकीचे मसुदे मिसळा. चारपेक्षा कमी पकडले गेले तर त्याच्यावरचं काम जास्त आहे असं समजा. रागावू नका, मसुदे कमी करा.

वहीत प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: यंत्र काय करतं, कोणती माहिती वाचतं, जबाबदार कोण, बंद कसं करायचं. बंद करण्याची सोय दोघांच्या फोनवर हवी, एक जण गावाला गेला तरी अडू नये. मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीने ते बदललं की तेच 100 मेसेज पुन्हा चालवा. उत्तरायण, नवरात्र, दिवाळीच्या आधीही चालवा, कारण भाव बदलतात आणि जुनं पत्रक तसंच राहतं.

नोकरीचे अर्ज

मकरपुऱ्यातल्या कारखान्यांकडून ही मागणी बरेचदा येते. अर्जातून शिक्षण, अनुभव वेगळा काढून देणं ठीक. गुण देऊन क्रम लावणं आम्ही करून देत नाही. अ‍ॅमेझॉनने जुन्या अर्जांवर शिकवलेलं असं यंत्र बायकांचे अर्ज मागे ढकलू लागलं, हे 2018 मध्ये उघड झालं. तुमच्याकडे आधीच असं काही वापरात असेल तर तोच अर्ज फक्त नाव बदलून दोनदा द्या. क्रम हलला तर ते आजच बंद करा.

गिऱ्हाइकाची माहिती

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला वेळ आहे, पण फार नाही. सुरक्षेत हयगय केली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती लागते. क्लासवाल्यांनी हे आधी वाचावं. संमतीची सूचना मराठी किंवा गुजरातीतही वाचता आली पाहिजे. आधार कार्ड किंवा रिपोर्टचा फोटो फुकट अ‍ॅपमध्ये टाकू नका, "फक्त एकदाच" म्हणूनही नाही.

पहिल्या भेटीला चालू भावपत्रक, गेल्या महिन्यातले मेसेज आणि दुकानात रोज उत्तरं देणारा माणूस, एवढं सोबत आणा. मालक नसले तरी चालेल, तो माणूस हवाच.