गाभ एकदाच टाकला, आता म्हैस बरी झाली?

गोठ्यावर हमखास ऐकायला मिळतं, "म्हशीनं सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकला होता, पुढच्या वेताला नीट व्याली, मग रक्त तपासायचं कशाला?" तर नाही हो, ब्रुसेला, म्हणजे गाभ पाडणारा जंतूचा रोग, असा जात नाही. बऱ्याच म्हशी एकदाच गाभडतात आणि पुढं नीट वितातही, पण जंतू कासेत आणि लसिका गाठींत ठाण मांडून बसतो, दुधातून आणि व्यायल्यावर जारातून बाहेर पडतो आणि म्हैस दिसायला मात्र ठणठणीत!

टेस्ट म्हणजे काही फार मोठं काम नाही. मानेच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं, ते गोठून वर सुटलेल्या सीरमचा एक थेंब आणि रोझ बंगाल या तपासणीच्या द्रावणाचा गुलाबी थेंब प्लेटवर मिसळून ४ मिनिटं हलवायचं, रवाळ दाणे दिसले की पॉझिटिव्ह, मग एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्त तपासणीनं खात्री करायची. (रक्त काढल्यानं दूध आटतं म्हणे, काहीही.)

दोन ठिकाणी गोची होते. नुकतीच गाभडलेली किंवा व्यालेली म्हैस निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी परत तपासायची. आणि पारडीला ४ ते ८ महिन्यांची असताना ब्रुसेलाची एस-१९ लस दिली असेल तर लसीमुळेही काही काळ टेस्ट पॉझिटिव्ह येते, तेव्हा लसीची तारीख डॉक्टरांना आधीच सांगा. आणि तो जार उघड्या हातानं ओढू नका, माणसालाही होतो हा, ताप महिनोन्महिने येतो-जातो. दूध उकळूनच.